मासळीचा दर्प आणि हायड्रोजन बंध

बाजारातून आणलेला बांगडा काही तास तसाच राहिला, तर घरभर जो उग्र दर्प पसरतो, तो मुख्यतः ट्रायमिथाईल अमाईन या संयुगाचा. समुद्री माशांच्या शरीरात याच संयुगाचे ऑक्साइड असते. ते गंधहीन असते. मासा मेल्यानंतर जिवाणू त्याचे अमाईनमध्ये रूपांतर करतात. रोहू, कटला या गोड्या पाण्यातील माशांत हे ऑक्साइड अत्यल्प, म्हणून त्यांना हा वास तितकासा येत नाही.

ट्रायमिथाईल अमाईनचा उत्कलनबिंदू अवघा ३ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे शुद्ध स्वरूपात ते मुंबईच्या ऐन थंडीतही वायूच असणार. येथेच एक कोडे आहे. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो. त्यातील एका हायड्रोजनच्या जागी मिथाईल गट आला की उत्कलनबिंदू उणे ६ होतो, दोन आले की ७. रेणू मोठा झाला की रेणूंमधील व्हॅन डर वाल्स आकर्षण वाढते, हे त्याचे एक कारण. मग तिसरा गट आल्यावर तो आणखी वाढण्याऐवजी ३ वर का घसरावा?

उत्तर हायड्रोजन बंधात आहे. नायट्रोजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो; त्यामुळे त्याला जोडलेला हायड्रोजन किंचित धनभारित होऊन शेजारच्या रेणूतील नायट्रोजनकडे खेचला जातो. ट्रायमिथाईल अमाईनच्या नायट्रोजनवर असा एकही हायड्रोजन उरत नाही. साहजिकच त्याचे रेणू एकमेकांना असे धरून ठेवू शकत नाहीत.

तीन कार्बन, नऊ हायड्रोजन आणि एक नायट्रोजन एवढ्याच सामग्रीतून घडलेली भावंडे शेजारी ठेवली, तर हे अधिक स्पष्ट होते. नायट्रोजनवर दोन हायड्रोजन असलेले प्रोपाईल अमाईन सुमारे ४८ अंशांना उकळते, एक असलेले इथाईल मिथाईल अमाईन सुमारे ३७ अंशांना आणि एकही नसलेले ३ अंशांना. रेणुभार मात्र तिघांचाही ५९! जवळपास त्याच भाराचा, हायड्रोजन बंध मुळीच नसलेला ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. उलट प्रोपेनॉल या अल्कोहोलला ९७ अंश लागतात, कारण ऑक्सिजनची ओढ नायट्रोजनहून अधिक असते.

मासळीला लिंबू किंवा कोकम लावण्यामागेही हाच नायट्रोजन आहे. आम्ल त्याला प्रोटॉन देते आणि विद्युतभारित क्षार तयार होतो. तो उडून नाकापर्यंत पोहोचत नाही. पण जिवाणूंनी आपले काम केलेलेच असते, त्यामुळे वास दबलेली मासळी ताजी असेलच असे नाही. प्रयोगशाळेत ताजेपणा तपासताना म्हणूनच नमुन्याच्या आम्लयुक्त अर्कात अल्क घालतात. क्षारात अडकलेले अमाईन पुन्हा मोकळे होते आणि त्याचे प्रमाण मोजता येते.