अँडरसनची माणसं

आर्थर अँडरसन या ऑडिट फर्मचं नाव निघालं की बोलणं लगेच हिशेबांतल्या गैरप्रकारांमुळे बुडालेल्या तिच्या ग्राहकावर, म्हणजे एन्रॉनवर जातं. एन्रॉन आपल्याला दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे चांगलीच माहीत, त्यामुळे महाराष्ट्रात तर हे हमखास घडतं. पण 2002 साली बुडालेल्या या फर्ममध्ये जगभर सुमारे 85,000 माणसं काम करत होती आणि त्यांतल्या बहुतेकांनी एन्रॉनची एक फाइलही हाताळलेली नव्हती. त्यांच्या बाजूने ही हकिकत फारशी कुणी सांगत नाही. ती सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आर्थर अँडरसन हा नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातला मुलगा. सोळाव्या वर्षी पोरका झालेला, नोकरी करत शिकलेला. 1913 साली त्याने एका भागीदारासह शिकागोत फर्म काढली. सुरुवातीच्याच काळात एका रेल्वे कंपनीने हिशेब तिच्या सोयीने मांडायला सांगितले. त्याने ते काम सोडलं, पण सही केली नाही. सरळ विचार करा आणि सरळ बोला, हे आईकडून ऐकलेलं वाक्य त्याने फर्मचं ब्रीद केलं. पुढे रुजू होणाऱ्या प्रत्येकाला ही रेल्वेची गोष्ट ऐकवली जाई.

1970 साली फर्मने शिकागोजवळ सेंट चार्ल्स इथे एका बंद पडलेल्या कॉलेजचा परिसर विकत घेतला आणि तिथे स्वतःचं प्रशिक्षण केंद्र उभारलं. देशोदेशींचे नवे कर्मचारी तिथे येत, एकत्र राहत आणि एकाच पद्धतीने काम शिकत. एका शहरात सुरू झालेलं ऑडिट दुसऱ्या शहरातल्या माणसाने पुढे न्यावं आणि ग्राहकाला फरक कळू नये, हा त्यामागचा हेतू. बाहेरचे लोक त्यांना 'अँड्रॉइड' म्हणून चिडवत. पण ऐन विशीत त्या शिस्तीत घडलेल्या माणसाला आपण कुठल्या परंपरेत उभे आहोत हे पक्कं ठाऊक असे. ज्युनिअर, सीनिअर, मॅनेजर आणि निभावलं तर पार्टनर, अशी ती चढण. पार्टनर झाल्यावर स्वतःच्या खिशातलं भांडवल फर्ममध्ये घालायचं. अनेकांची आयुष्यभराची पुंजी तिथेच राहिली.

या घरात पहिली भिंत सल्लागारीच्या धंद्याने घातली. पन्नाशीच्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यातले पगार संगणकावर काढून देण्यापासून सुरू झालेलं ते काम ऐंशीच्या दशकात ऑडिटपेक्षा जास्त पैसा आणू लागलं. 1989 मध्ये अँडरसन कन्सल्टिंग वेगळा विभाग झाला, 2000 मध्ये लवादाने दोघांची फारकत केली आणि 1 जानेवारी 2001 पासून त्याचं नाव ॲक्सेंचर झालं. आज पुण्या-मुंबईत तिथे नोकरी करणाऱ्या किती मराठी मुलामुलींना हा वंशवृक्ष माहीत असेल? इकडे उरलेल्या ऑडिट पार्टनरांवर जास्त फी आणण्याचा दबाव वाढतच गेला. हिशेब तपासणारा माणूस काम मिळवून आणण्यावर मोजला जाऊ लागला, आणि माझ्या मते फर्म आतून बदलली ती इथे.

ह्यूस्टनमध्ये हा बदल उघड दिसत होता. अँडरसनचे लोक एन्रॉनच्या इमारतीतच बसत. फर्ममधले कितीतरी जण पुढे एन्रॉनच्या नोकरीत गेले. 2000 या एका वर्षात एन्रॉनकडून 5 कोटी 20 लाख डॉलर फी मिळाली आणि त्यातली निम्म्याहून जास्त ऑडिटव्यतिरिक्त कामांची होती.

त्याच शहरात कार्ल बास नावाचे पार्टनर होते. हिशेबाच्या अवघड प्रश्नांवर मत देणाऱ्या फर्मच्या तज्ज्ञगटात ते काम करत. एन्रॉनच्या काही व्यवहारांची मांडणी चुकीची आहे, असं त्यांनी पुन्हा पुन्हा लेखी कळवलं. एन्रॉनला ते खटकलं आणि मार्च 2001 मध्ये त्यांना त्या कामावरून बाजूला केलं गेलं. तज्ज्ञगटाचं मत डावलून पुढे जाण्याची मुभा अँडरसनमध्ये ग्राहकाचं काम पाहणाऱ्या पार्टनरला होती. सरळ बोलणारा माणूस फर्मजवळ होता, त्याने बोलायचं ते बोललंही, पण त्याच्या शब्दाला नियमाचं बळ नव्हतं. फर्मच्या या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त दुःख याचं होतं.

एन्रॉनच्या हिशेबांची चौकशी सुरू झाली आणि 23 ऑक्टोबर 2001 नंतर ह्यूस्टनच्या ऑफिसात एन्रॉनचे कागद यंत्रात घालून नष्ट करणं सुरू झालं. हुकूम वरून आलेला, हात खालच्यांचे. हे काम थांबवा, हा निरोपही 9 नोव्हेंबरला एन्रॉनचं काम पाहणारे प्रमुख पार्टनर डेव्हिड डंकन यांच्या सेक्रेटरीनेच ईमेलने सगळ्यांना पाठवला.

मार्च 2002 मध्ये अमेरिकी सरकारने काही व्यक्तींऐवजी सगळ्या फर्मवरच कागद नष्ट करून चौकशीत अडथळा आणल्याचा आरोप ठेवला. डेल्टा, फेडेक्स, मर्क असे मोठे ग्राहक त्याच सुमारास सोडून गेले. 'मीच आर्थर अँडरसन' असं लिहिलेले टीशर्ट घालून शेकडो कर्मचारी रस्त्यावर उतरले. एप्रिलमध्ये 7,000 जणांना काढण्याची घोषणा झाली. 15 जूनला ज्युरीने दोषी ठरवलं आणि 31 ऑगस्टला फर्मने ऑडिटचं काम थांबवलं. देशोदेशींच्या शाखा इतर फर्मांमध्ये गेल्या. भारतातली अर्न्स्ट अँड यंगमध्ये गेली.

31 मे 2005 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्युरीचा तो निकाल एकमताने रद्द केला. आपण गैर करतो आहोत याची जाणीव असणं गुन्ह्यासाठी आवश्यक आहे, हेच ज्युरीला नीट सांगितलं गेलं नव्हतं. तोवर फर्ममध्ये जेमतेम दोनेकशे माणसं उरली होती आणि ती जुने दावे निस्तरत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये करचुकवेगिरीच्या योजनांवरून केपीएमजी ही दुसरी मोठी ऑडिट फर्म अडचणीत आली. सरकारने तिच्याशी करार केला, 45 कोटी 60 लाख डॉलर वसूल केले, देखरेख बसवली आणि फर्म जगू दिली. हाच मार्ग तीन वर्षं आधी निघाला असता, तर बुककीपिंगच्या टेबलापासून पार्टनरच्या केबिनपर्यंत हजारो निरपराध माणसांचे संसार असे हादरले नसते, असं माझं ठाम मत आहे. ऑडिट बिघडलं होतं यात शंका नाही. वेस्ट मॅनेजमेंट आणि सनबीम या कंपन्यांच्या हिशेबांवरूनही फर्म आधी सापडली होती. पण त्यासाठी जबाबदार माणसांना नावानिशी उभं करता आलं असतं.

फर्म बुडाली त्याच वर्षी, 2002 मध्ये, तिच्या करविभागातल्या 23 पार्टनरांनी एकत्र येऊन वेगळ्या नावाने नवं काम सुरू केलं. बारा वर्षांनी, 2014 मध्ये, त्यांनी अँडरसन हे नाव पुन्हा घेतलं. ते करविषयक सल्ला देतात. कंपन्यांचं ऑडिट करत नाहीत.