पिकावरचे औषध, रक्तातले विष

कपाशीवर कीड दिसली की शेतकरी म्हणतो, "उद्या औषध मारायचं आहे." कृषी केंद्राचा दुकानदारही औषधच देतो. आमच्या घरातल्या बोलीतसुद्धा 'दवा मारना' असेच म्हणतात. कविता लिहिणाऱ्या माणसाला शब्द उलटून पाहण्याची खोड असते. त्यामुळे हा शब्द मला फार दिवसांपासून खटकतो. डब्यावर काय छापलेले असते ते पाहा. एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्याहून सौम्य. लाल आणि पिवळ्या रंगाच्या डब्यावर 'विष' असा शब्द छापावाच लागतो. कायदा ज्याला विष म्हणतो त्याला आपली भाषा औषध म्हणते. आणि औषधाला कोणी भीत नाही.

श्रोतेहो, या शब्दाची किंमत विदर्भाने २०१७ साली मोजली. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली. त्यांत शेतकरी होते, तसेच रोजाने फवारणी करणारे मजूरही होते. हा आत्महत्येचा प्रकार नव्हता. ही माणसे काम करता करता गेली. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर वाढली होती. फवारा खाली पिकावर मारण्याऐवजी तोंडासमोर आणि डोक्यावर मारावा लागत होता. बोंडअळी आवरत नव्हती, म्हणून दोन-तीन कीटकनाशके एकाच पंपात मिसळली जात होती. नव्या यांत्रिक पंपातून धुक्यासारखा बारीक तुषार उडत होता. त्यात उकाडा, घाम आणि ओले झालेले अंगावरचे कपडे.

हे विष शरीरात नेमके काय करते, ते आधी समजून घेऊ.

आपली नस स्नायूला हुकूम देते तो एका रसायनामार्फत. त्याचे नाव असिटिलकोलिन. हुकूम पोचला की हे रसायन लगेच पुसले जावे लागते, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. पुसण्याचे हे काम कोलिनइस्टरेज नावाचे विकर करते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीटकनाशके याच विकराला जखडून टाकतात. मग हुकूम येत राहतात, पुसणारा कोणी उरत नाही. अळी यानेच मरते आणि माणूसही यानेच मरतो, कारण ही यंत्रणा दोघांच्या शरीरात सारखीच आहे. या गटाचा जन्मही बोलका आहे. जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधत होता आणि १९३६ साली त्याच्या हाती लागला तो 'टाबून', म्हणजे युद्धातला मज्जाविषारी वायू. कार्बामेट हा दुसरा गटही याच विकरावर घाला घालतो. भोपाळच्या कारखान्यात १९८४ साली जो वायू सुटला, तो याच गटातले कार्बारिल तयार करण्यासाठी वापरला जात होता.

लक्षणे ओळखायला सोपी आहेत. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. लाळ, घाम, अश्रू थांबत नाहीत. ओकाऱ्या होतात, पोटात मुरडा येतो, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास कोंडतो. अशा वेळी लिंबूपाणी, दूध, तूप यांत वेळ घालवू नये. अंगावरचे कपडे काढावेत, साबणाने अंग धुवावे, रुग्णाला तडक दवाखान्यात न्यावे आणि कीटकनाशकाचा डबा सोबत न्यावा. अॅट्रोपिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो. मात्र प्रत्येक कीटकनाशक या गटातले नसते आणि सगळ्यांना उतारा नसतो. डबा सोबत हवा तो यासाठीच.

पुष्कळांना वाटते, विष नाकातोंडातूनच जाते. फडके बांधले की झाले. खरे म्हणजे शेतात ते सर्वांत जास्त जाते कातडीतून. अमेरिकेत १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पॅराथिऑन हे कीटकनाशक माणसाच्या कातडीवर वेगवेगळ्या ठिकाणी लावून पाहिले होते. हाताच्या पुढच्या भागातून सुमारे ९ टक्के आत गेले, कपाळातून ३६ टक्के, काखेतून ६४ टक्के आणि अंडकोषाच्या त्वचेतून जवळजवळ सगळेच. आता पाठीवरचा गळका पंप डोळ्यांसमोर आणा. पाणी पाठीवरून कंबरेला येते, कंबरेवरून जांघेत उतरते. दिवसभर तेच ओले कपडे अंगावर असतात.

जो मजूर त्या दिवशी चक्कर येऊन पडत नाही, त्याचे काय? तो घरी येतो, 'आज अंग मोडून आलं' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप उचलतो. तांबड्या पेशीतले जखडलेले कोलिनइस्टरेज नव्या पेशी तयार होतील तसेच भरून येते, दिवसाला साधारण एक टक्का. म्हणजे हंगामात दर चार दिवसांनी फवारणी करणाऱ्याचा साठा भरायच्या आत पुन्हा रिकामा होतो. साध्या रक्ततपासणीत हे कळते. हंगामाआधी एकदा आणि हंगामात पुन्हा तपासले, तर माणूस कोसळण्याआधीच त्याला कामावरून बाजूला करता येईल. २०१७ च्या त्या दिवसांत यवतमाळात या तपासणीची सोय नव्हती.

आता या विषयाची अधिक खोल बाजू. कीटकनाशकांचा परिणाम आपल्या गुणसूत्रांवर, म्हणजे डीएनएवरही होतो का?

हे पाहण्याच्या दोन पद्धती आहेत. पेशीचे विभाजन होताना गुणसूत्राचा तुटलेला तुकडा केंद्रकाबाहेर राहून गेला, तर त्याचे छोटे वेगळे केंद्रक बनते. अशी सूक्ष्मकेंद्रके मोजता येतात. दुसरीला 'कॉमेट' म्हणजे धूमकेतू चाचणी म्हणतात. आज सर्वत्र वापरली जाणारी तिची पद्धत नरेंद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडली. एकेका पेशीला विजेच्या क्षेत्रात ठेवले की अखंड डीएनए जागेवर राहतो आणि तुटलेले तुकडे मागे ओढले जाऊन शेपूट तयार होते. शेपूट जितके लांब, तितकी मोडतोड जास्त. भारतासह अनेक देशांत फवारणी करणाऱ्यांचे रक्त असे तपासले गेले आणि पुष्कळ अभ्यासांत त्यांच्या पेशींत अशी मोडतोड इतरांपेक्षा जास्त आढळली.

याचा अर्थ मात्र जपून लावायला हवा. पेशीला आपला डीएनए दुरुस्त करण्याची कला अवगत असते. अशी मोडतोड दिसली म्हणजे कर्करोग झालाच, असे नाही. धोका वाढल्याची ती खूण आहे. तसेच रक्ताच्या पेशीतला बिघाड मुलाबाळांत उतरत नाही. त्यासाठी तो बीजपेशीत व्हावा लागतो. म्हणून 'फवारणीवाल्याच्या घरी मुलगी देऊ नका' अशा बोलण्याला काही आधार नाही. पण निष्काळजी राहण्यासारखेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि तणनाशक ग्लायफोसेट यांना 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले. कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात सूत्रकृमींवरचे डीबीसीपी हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांना मुले होत नव्हती. १९७७ साली तपासणी झाली, तेव्हा कित्येकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प होते किंवा नव्हतेच. मेंदूबाबतही असेच. अमेरिकेत २०११ च्या एका अभ्यासात पॅराक्वाट हे तणनाशक वापरणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीचपट दिसले.

जनुकांचा आणखी एक संबंध आहे. एकाच शेतात, एकाच पंपाने दोघे फवारतात; एक आजारी पडतो, दुसरा नाही. लोक म्हणतात, "त्याची तब्येतच नाजूक." यामागे बहुतेक वेळा कोणाच्या अंगावर विष किती पडले हेच असते. पण आपल्या रक्तात पॅराऑक्सोनेज नावाचे एक विकर असते. ते या गटातल्या काही विषांचे तुकडे करते आणि ते घडवणारे जनुक प्रत्येकाचे सारखे नसते. कोणाकडे हे विकर भरपूर आणि चपळ, कोणाकडे थोडे. नवजात बाळात तर ते फारच कमी असते. कॅलिफोर्नियाच्या सालिनास खोऱ्यातल्या शेतमजूर कुटुंबांच्या अभ्यासाचे २०११ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष याच दिशेचे आहेत. गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत या विषांचे अंश सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यंक सर्वांत कमी अंश असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला.

इथे मला आपल्या बायाबापड्या आठवतात. फवारणी करणारा पुरुष निदान मोजला तरी जातो. पंपात ओतायला पाणी वाहून आणणारी, कालच फवारलेल्या रानात आज निंदायला वाकलेली, ओटीत कापूस वेचणारी आणि संध्याकाळी तेच कपडे घरच्या कपड्यांत धुणारी बाई कोणत्या नोंदीत येते? तिच्या नावावर सातबारा नसतो, हजेरीपट नसतो. तिला झालेल्या बाधेची नोंद 'अशक्तपणा' अशी होते.

१९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ ची नियमावली यांत संरक्षक कपडे, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी हे सारे लिहिलेले आहे. पण ऑगस्टच्या उकाड्यात प्लास्टिकचा पोशाख घालून कोणी दिवसभर फवारू शकत नाही, हे फवारणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणून कपड्यांच्या आधीची पायरी महत्त्वाची: विषच कमी करणे. कामगंध सापळे, निंबोळी अर्क, कीड खरोखर नुकसानीच्या पातळीला गेली तरच फवारणी, आणि तीही लाल-पिवळ्या त्रिकोणाच्या डब्याने नव्हे. मिश्रण करू नये. वारा पाठीवर घ्यावा. नोझल तोंडाने फुंकू नये. फवारणी चालू असताना विडी-तंबाखू हातात घेऊ नये. गरोदर बाई आणि लहान मुले त्या रानात नकोत. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत आणि धुणाऱ्या हातांचीही काळजी घ्यावी.

आणि ज्याच्या शेतात मजूर राबतो, त्याने एवढे तरी करावे. पंप गळका नसेल ते पाहावे, साबण-पाणी धुऱ्यावर ठेवावे आणि पंप त्याच्या पाठीवर चढवण्याआधी डब्यावरचा रंग त्याला दाखवून सांगावे की हे विष आहे. कबूल केलेल्या रोजीत त्याची मेहनत येते. त्याचे रक्त त्यात धरलेले नसते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)