जुने राऊटर, नवी आज्ञावली

राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा उपलब्ध झाला. अशा सेवा सोलापूर जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत संगणक जाळ्यावर अवलंबून असतात. कार्यालयातील माहिती योग्य मार्गाने पुढे धाडणारे यंत्र म्हणजे राऊटर. ते बंद पडल्यास खिडकीपुढील ग्रामस्थाला रिकाम्या हाताने परतावे लागते.

राऊटर चालतो तो त्यातील आज्ञावलीवर. जुन्या आज्ञावलीतील उणिवा हेरून बाहेरचे लोक जाळ्यात शिरू शकतात. म्हणून ती वेळोवेळी बदलणे आवश्यक ठरते. मात्र घाईने केलेला बदल हानिकारक होऊ शकतो.

सिस्को कंपनीच्या १८०० व २८०० मालिकांचे उदाहरण बोलके आहे. २००४ मध्ये आलेल्या या राऊटरसाठी आज्ञावलीचे निरनिराळे संच होते. मूळ संचात साधी मार्गनिवड, तर वरच्या संचांत सुरक्षितता, ध्वनिवहन इत्यादी सोयी असत. ज्या संचाच्या नावात 'के९' ही खूण नाही, त्यात प्रबळ गुप्तलेखन नसते. असा संच बसविल्यास दोन कार्यालयांमधील सुरक्षित जोडणी तुटते. शिवाय नव्या संचाला न उमजणाऱ्या सूचना तो सुरू होताना वगळतो. त्याच स्थितीत मांडणी साठविली, तर त्या कायमच्या पुसल्या जातात.

यासाठी पुढील क्रम हितावह आहे. प्रथम वापरात असलेल्या सोयींची यादी करावी व त्या नव्या संचात आहेत याची खात्री करावी. त्याला पुरेल इतकी स्मृती यंत्रात आहे का, हे पाहावे. जुनी आज्ञावली व मांडणी यांची प्रत अन्यत्र ठेवावी. उतरवून घेतलेली फाइल निर्दोष आहे, हे तिच्या पडताळणी अंकावरून तपासावे. सर्व सोयी चालू झाल्याचे पाहिल्यावरच मांडणी साठवावी.

करमाळा सोलापूरपासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. यंत्र सुरूच झाले नाही, तर दुरून उपाय चालत नाही. तेथे थेट केबल जोडावी लागते. म्हणून हे काम सुटीच्या दिवशी, जाणकार व्यक्ती प्रत्यक्ष हजर असतानाच करावे.

वरील मालिकांसाठी कंपनीने नव्या सुधारणा देणे आता थांबविले आहे. अशा यंत्राला अखेरची आज्ञावली दिल्याने काही काळ मिळतो. त्या अवधीत नव्या यंत्राची तरतूद अंदाजपत्रकात करणे हेच शहाणपणाचे होय.