पिल्लू घरी आणण्यापूर्वी

दत्तगुरूंच्या पायाशी श्वान असतात, खंडोबासोबतही कुत्रा असतो; पण दारी आलेल्या पिल्लाच्या वाट्याला बहुधा शिळी भाकरी नि गळ्यात सुतळी एवढेच येते. वास्तविक, पिल्लू ८ आठवडे आईजवळ राहिल्यावरच आणावे. त्याआधी घरात कोरडा कोपरा आणि गोणपाट तयार हवे. पनवेलच्या पावसाळ्यात ओल त्याला बाधते. गाईच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात. मऊ भात, उकडलेले अंडे दिवसातून ३-४ वेळा थोडेथोडे द्यावे. कांदा व चॉकलेट त्याला विषासमान. जंतांचे औषध, ६ ते ८ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस चुकवू नये.

ही शेवटची लस घरच्या माणसांसाठीही आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ वाचतच नाही. लुई पाश्चरची लस १८८५ साली एका मुलाला टोचली गेली, ती लक्षणे दिसण्याआधी. म्हणून कुत्रा चावल्यास जखमेत हळद-मिरची न भरता ती साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवावी व लगेच दवाखाना गाठावा.

आमच्या घरात लसीचे कार्ड वाचणारा मी पहिलाच. शिकलेल्याने ते शेजारच्या चार घरांनाही वाचून दाखवावे.