‘पालकांना चालणार नाही’: ट्रान्सजेंडर शिक्षक आणि नोकरीचा कायदा

आजचा विषय शाळेचा आहे, पण मुलांच्या अभ्यासाचा नाही, त्यांना शिकवणाऱ्यांच्या नोकरीचा आहे. शिक्षक ट्रान्सजेंडर असेल तर त्याची नोकरी टिकते का, आणि ती जाते तेव्हा नेमकं कोणतं कारण पुढे केलं जातं? यात आपण पालक कुठे येतो, तेही बघू.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. जन्माच्या वेळी दाखल्यावर लिहिलेलं लिंग आणि माणसाला आतून जाणवणारी स्वतःची ओळख जुळत नसेल, तर त्या व्यक्तीला ट्रान्सजेंडर म्हणतात. मराठीत आता ‘पारलिंगी’ हा शब्दही वापरतात. आपल्या पिढीच्या कानाला ‘तृतीयपंथी’ जास्त ओळखीचा, आणि तो ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लोकलच्या डब्यात टाळी वाजवून पैसे मागणारी माणसं येतात. हे चित्र कसं तयार झालं याचा विचार आपण फारसा करत नाही. शाळा, ऑफिस, दुकान अशी सगळी दारं बंद राहिली की माणूस शेवटी लोकलच्या दारात उभा राहतो.

आता भारतातला एक ताजा निकाल. जेन कौशिक या ट्रान्स स्त्री, व्यवसायाने शिक्षिका. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांना उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या एका खासगी शाळेत नोकरी मिळाली. आठ दिवसांत ती सुटली. शाळेचं म्हणणं, शिकवणं नीट नव्हतं. जेन यांचं म्हणणं, आपली ओळख उघड झाली म्हणून. पुढच्या वर्षी गुजरातमध्ये जामनगरच्या एका शाळेने त्यांना नेमणुकीचं पत्र दिलं. त्या तिथे पोहोचल्या, त्या ट्रान्सजेंडर आहेत हे कळलं, आणि रुजूच करून घेतलं नाही. पहिल्या शाळेला निदान ‘शिकवणं’ हे कारण देता आलं. दुसऱ्या ठिकाणी तर त्यांनी फळ्यावर एक अक्षरही लिहिलं नव्हतं!

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 17 ऑक्टोबर 2025 ला न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी निकाल दिला. भारतात 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आहे, 10 जानेवारी 2020 पासून लागू. नोकरीत भेदभाव करायचा नाही असं त्यात स्वच्छ लिहिलंय. प्रत्येक संस्थेने तक्रार ऐकणारा अधिकारी नेमला पाहिजे असंही आहे, आणि हे खासगी संस्थांनाही लागू आहे. पण कायदा कागदावर राहिला. न्यायालयाने सरकारांच्या या ढिलाईवर कडक शब्दांत बोट ठेवलं, केंद्र सरकार आणि दोन्ही राज्य सरकारांना प्रत्येकी 50,000 रुपये भरपाई द्यायला लावली आणि निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. म्हणजे तुमच्या नात्यात कुणी पुण्यात, नाशकात किंवा साताऱ्यात शाळा चालवत असेल, तर हा निकाल त्यांच्याही कामाचा आहे. त्यांना एकदा विचारून बघा, शाळेत असा तक्रार अधिकारी नेमलाय का?

आता अमेरिकेकडे येऊ. इथली एक जुनी गोष्ट न्यू जर्सीची आहे. सॉमरसेट काउंटीतलं बर्नार्ड्स टाउनशिप. त्या काउंटीत आज मराठी कुटुंबं भरपूर आहेत. पॉला ग्रॉसमन तिथे 1957 पासून लहान मुलांना संगीत शिकवत होत्या. नोकरी कायम झालेली होती. 1971 मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि स्त्री म्हणून जगायला सुरुवात केली. शाळा मंडळाने त्यांना काढलं. 1974 मध्ये अपील न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाचा आधार ग्रॉसमन यांचं संगीत किंवा त्यांची शिस्त हा नव्हता. त्या वर्गात असल्याने मुलांच्या मनावर परिणाम होऊ शकेल, हा होता. झालेला परिणाम नव्हे, होऊ शकेल असा! त्या तर्काने एका माणसाचं चौदा वर्षांचं काम पुसलं गेलं.

आज आपल्या इलिनॉयमध्ये हा तर्क चालत नाही. इथला मानवी हक्क कायदा 1 जानेवारी 2006 पासून लिंगओळखीवरून नोकरीत भेदभाव करायला मनाई करतो. 1 जुलै 2020 पासून एक जरी कर्मचारी असला तरी मालकाला तो लागू आहे. देशपातळीवर 15 जून 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने ‘बॉस्टॉक’ खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की, ट्रान्सजेंडर आहे म्हणून कामावरून काढणं हा लिंगावरून केलेला भेदभावच आहे. त्यातल्या एक अर्जदार एमी स्टीव्हन्स निकालाच्या महिनाभर आधीच वारल्या होत्या.

हे ऐकून वाटेल, मग प्रश्न मिटला. तो मिटलेला नाही, कारण “तू ट्रान्स आहेस म्हणून चाललास” असं कुणी पत्रात लिहून देत नाही. आधी वेळापत्रक बदलतं. मग शौचालयासाठी दोन मजले खाली जायला सांगतात. मीटिंगमध्ये कुणीतरी मुद्दाम जुनं नाव वापरतं आणि बाकीचे हसतात. वर्षाच्या शेवटी करार पुढे चालू होत नाही. सरकारी शाळेत शिक्षक कायम होण्याआधीची पहिली काही वर्षं सगळ्यात नाजूक असतात, कारण त्या काळात नूतनीकरण नाकारायला फार मोठं कारण द्यावं लागत नाही. आणि खासगीत, दार बंद करून, हळू आवाजात जे वाक्य ऐकवलं जातं ते हे: “आम्हाला काही अडचण नाही हो, पण पालकांना चालणार नाही.”

या वाक्यापाशी जरा थांबू. कायद्याच्या नजरेत याला किंमत किती? यासाठी शाळेबाहेरचं एक उदाहरण सोपं पडेल. पॅन ॲम विमान कंपनी केबिनमध्ये फक्त बायकांनाच नेमत असे. सेलियो डियाझ नावाच्या पुरुषाने अर्ज केला, तो नाकारला गेला. कंपनी म्हणाली, प्रवाशांना बायकाच आवडतात, आमच्याकडे पाहणी आहे. 1971 मध्ये अपील न्यायालयाने ते मानलं नाही. गिऱ्हाइकाची आवड हे भेदभावाचं कारण होऊ शकत नाही. नाहीतर कायदा कशासाठी केला? गिऱ्हाइकांची हीच आवडनिवड बाजूला ठेवायला तर तो केलाय. शाळेत पालक गिऱ्हाइकाच्या जागी असतात. मुख्याध्यापकांनी “पालकांची तक्रार होती” असं म्हटलं, तर ते स्वतःचा बचाव करत नाहीत, उलट खरं कारण काय होतं ते सांगून टाकतात.

इलिनॉयमधलं आणखी जवळचं प्रकरण ऑरोराचं आहे. तिथल्या हॉबी लॉबी दुकानात मेगन सॉमरविल अनेक वर्षं कामाला होत्या. त्यांनी कागदोपत्री नाव आणि ओळख बदलली, पण दुकानाने त्यांना स्त्रियांचं शौचालय वापरू दिलं नाही. ऑगस्ट 2021 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 2,20,000 डॉलर भरपाई कायम केली. प्रकरण दुकानातलं असलं तरी कायदा तोच आहे, शाळेच्या स्टाफरूमलाही लागू होणारा.

शॉमबर्गकरांना इथे आपलं डिस्ट्रिक्ट 211 आठवेल. ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांनी कोणती लॉकर रूम वापरायची यावर 2015 पासून केवढा वाद झाला! केंद्रीय शिक्षण खात्याने डिस्ट्रिक्टने कायदा मोडल्याचं सांगितलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, पालक मंडळाच्या सभेत दोन्ही बाजूंनी बोलले, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी विद्यार्थ्यांना मोकळीक देणारं धोरण मंजूर झालं. तो प्रश्न विद्यार्थ्यांचा होता, आणि शाळा मंडळाचं धोरण हा सभेत मत मांडण्याचाच विषय आहे. एखाद्या शिक्षिकेची नोकरी मात्र पालकांच्या मतदानाला टाकता येत नाही.

मग पालकांनी तक्रारच करायची नाही का? करायची की! गृहपाठ तपासला जात नाही, वर्गात गोंधळ असतो, मुलाला लागेल असं बोलतात, यांपैकी काहीही असेल तर बेलाशक ईमेल करा, शिक्षक कोणीही असोत. पण समजा ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली, मुलगी घरी येऊन म्हणाली, “गेल्या वर्षीचे सर आता मॅडम आहेत”, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर पन्नास मेसेज आले. त्या रात्री मुख्याध्यापकांना पाठवायच्या ईमेलमध्ये शिकवण्याबद्दल एकही ओळ नसेल, तर ती तक्रार शिक्षिकेच्या कामाची नाही, तिच्या असण्याची आहे. पुढे खटला झालाच तर हाच ईमेल पुरावा म्हणून समोर येऊ शकतो. मुलांना काय सांगायचं याची चिंता बहुतेक मोठ्यांनाच जास्त असते. ज्या घरात महाभारत सांगितलं जातं, तिथे तर ही चिंता फारशी नसावी. विराटाच्या दरबारात बृहन्नडेला राजकन्या उत्तरेला नृत्य शिकवायचं काम मिळालं, ते कला पारखून.

कायद्याला मर्यादाही आहेत. धार्मिक संस्थांच्या खासगी शाळांना बरीच सूट आहे. जुलै 2020 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने धर्मशिक्षणाची जबाबदारी असलेल्या शिक्षकांबाबत अशा शाळांना मोकळा हात दिला. राज्य बदललं की चित्रही बदलतं. फ्लोरिडात 2023 च्या कायद्याने सरकारी शाळेतल्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना स्वतःची ओळख सांगताना जन्माच्या लिंगाशी न जुळणारं संबोधन वापरायला बंदी घातली. टँपा भागातल्या गणिताच्या एका ट्रान्स शिक्षिकेला कोर्टाने आधी दिलासा दिला होता, पण जुलै 2025 मध्ये वरच्या कोर्टाने तो काढून घेतला. शिवाय समान संधी आयोगाने, म्हणजे ईईओसीने, फेब्रुवारी 2025 मध्ये ट्रान्सजेंडर कामगारांच्या वतीने चालवलेले अनेक खटले सोडून दिले. त्यांत इलिनॉयमधलेही होते. म्हणून इथे राज्याच्या यंत्रणेचं महत्त्व आता वाढलं आहे.

आणि वेळेचं. वेळेवरून आपल्या मराठी माणसाची एक आठवण सांगितलीच पाहिजे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत, स्वतः कवी होते. ते ट्रान्सजेंडर नव्हते, समलिंगी होते, पण नोकरीवर गदा आली ती अशीच, कामाशी संबंध नसलेल्या कारणाने. फेब्रुवारी 2010 मध्ये काही जणांनी त्यांच्या घरात घुसून चित्रीकरण केलं, आणि विद्यापीठाने घुसणाऱ्यांऐवजी प्राध्यापकांनाच निलंबित केलं. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते आपल्या घरात मृतावस्थेत सापडले. ‘अलीगढ’ हा हिंदी चित्रपट त्यांच्यावरच आहे.

तर मंडळी, तुम्ही स्वतः, तुमचं मूल किंवा एखादे सहकारी या प्रसंगातून जात असतील तर इतकं लक्षात ठेवा. ओळख उघड होण्याआधीचे आणि नंतरचे कामाचे अहवाल दोन्ही जपून ठेवा. तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी तारखेसह लिहून काढा. शाळेच्या ईमेलवर विसंबू नका, नोकरी गेली की तो बंद होतो. इलिनॉयच्या मानवी हक्क विभागाकडे तक्रार फुकट करता येते, वकील लागत नाही, आणि 1 जानेवारी 2025 पासून मुदत दोन वर्षांची आहे. ईईओसीची मुदत मात्र 300 दिवसांचीच. साक्ष देणाऱ्या सहकाऱ्यावर सूड उगवणं हेही कायद्याचं वेगळं उल्लंघन धरलं जातं, तेव्हा स्टाफरूममधल्या मित्रमैत्रिणींनाही हे सांगा. विभागाच्या शिकागो कार्यालयाचा क्रमांक लिहून घ्या: 312-814-6200.