ख्याल कसा ऐकावा?

‘शास्त्रीय संगीत’ हे शब्द कानी पडले की आपल्यापैकी बहुतेकांचा हात पुढचे गाणे लावण्याकडे जातो. ‘अर्धा तास तेच ते काय ऐकायचे?’ असा प्रश्न असतो. त्यामागे न बोललेले आणखी एक वाक्य असते : ‘हे शहरातल्या मोठ्या लोकांचे, आपण शेतकऱ्यांची पोरे.’ गेल्या वर्षी एका मित्राच्या आग्रहाने मी पहिल्यांदाच एक ख्याल शेवटपर्यंत ऐकला. नंतर जे जे उमगत गेले, ते नवख्या कानांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट शब्दांची. भावगीतात पुढची ओळ कोणती, याची आपण वाट पाहतो. ख्यालाची बंदिश मात्र दोन-चार ओळींचीच असते. तिथे तीच ओळ या खेपेला कोणत्या वाटेने आली, हे पाहायचे.

दुसरी गोष्ट समेची. तालाची पहिली मात्रा म्हणजे सम. विलंबित एकतालात मात्रा १२, पण लय इतकी संथ की नवखा माणूस हमखास हरवतो. म्हणून सुरुवात द्रुत तीनतालापासून करावी. त्याच्या मात्रा १६. एका बोटाची तीन पेरे आणि टोक मिळून चार. चार बोटांत आवर्तन पुरे. गायक कुठे कुठे हिंडून नेमका समेवर उतरतो, तेव्हा आपलीही मान आपोआप हलते. मला गाण्यात शिरण्याचे दार सापडले ते इथेच.

तिसरी गोष्ट रागाची. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. पण भूपात जोर गंधारावर, तर देशकारात धैवतावर. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देशकार सकाळी. ज्वारीच्या एकाच पिठाची भाकरीही होते आणि आंबीलही; चव काही एक नसते! राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे, ती त्या स्वरांची वागणूक आहे.

आता ‘हे आपले नव्हे’ या समजुतीकडे वळू. आपले कोरेगाव पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहे. याच मार्गाच्या टोकाला, मिरजेत, तंबोरे तयार होतात. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी हा व्यवसाय उचलला. त्यासाठी लागणारा भोपळा पंढरपूर परिसरातल्या शेतात पिकतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे ज्या वाद्यावाचून मैफल सुरू होत नाही, त्यात शेतकऱ्याचा आणि कारागिराचा घाम आहे.

गाणाऱ्यांचेही तसेच. इचलकरंजीच्या बाळकृष्णबुवांनी (१८४९–१९२६) ग्वाल्हेरला जाऊन ख्यालगायकी आत्मसात केली आणि ती महाराष्ट्रात रुजवली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत त्यांच्यापाशी शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. बाळकृष्णबुवांचेच शिष्य अंतुबुवा जोशी आपल्या शेजारच्या औंध संस्थानात गायक होते. गजाननबुवा जोशी हे त्यांचे पुत्र. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली ते निवर्तले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांची ध्वनिमुद्रिका ऐकून वेडावलेला एक मुलगा गाणे शिकण्यासाठी घर सोडून निघाला. तो पुढे भीमसेन जोशी झाला.

आणि गावातले भजन? ठेका धरणे, समेवर येणे, एकच चरण घोळवणे, शेवटी भैरवी म्हणणे, हे सारे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ख्यालाची बाराखडी आपल्या कानांवर आधीच गिरवली गेली आहे. ठाऊक नव्हते ते फक्त तिचे नाव.

तेव्हा माझी एकच विनंती. दहा राग धरू नका, एकच धरा. महिनाभर रात्री जेवणानंतर भूप ऐका, निरनिराळ्या गायकांचा. पहिले आठ दिवस तो सारखाच वाटेल. मग एके दिवशी, कोणी न सांगता, ‘हा गंधार काही वेगळाच लागला’ असे तुमच्या तोंडून निघेल. तेवढे झाले की पुढची वाट तुमची तुम्हाला दिसेल.