रंधा मशीनला गार्ड कोणतं बसवायचं? (एपिसोडची लेखी आवृत्ती)

ज्यांना शेडमधल्या आवाजात ऑडिओ ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना येणारं "म्हणजे", "बेसिकली" थोडं कमी केलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा प्रश्न वडगाव निंबाळकरहून आलाय. घरची सुतारकामाची शेड, दारांच्या चौकटी, खिडक्या, पलंग अशी कामं. व्हॉइस नोटमध्ये आपला मित्र म्हणतो, "वडिलांनी जुनं रंधा मशीन घेतलंय. वर रंधा, खाली थिकनेस. पण गार्डच नाहीये. दोन प्रकारची गार्ड दिसतात, त्यातलं कुठलं घेऊ? वडील म्हणतात, आम्ही तीस वर्षं बिनगार्डचंच काम केलं."

वडिलांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर. पण आधी एक छोटं गणित करूया.

हात मागे घ्यायला वेळ मिळतो का?

रंधा मशीनमध्ये दोन टेबलांच्या मधल्या फटीत एक गोल ब्लॉक फिरतो आणि त्यावर पाती बसवलेली असतात. समजा ब्लॉक मिनिटाला ४,५०० फेरे घेतोय आणि पाती ३ आहेत. सेकंदाला ७५ फेरे, म्हणजे २२५ काप. काहीतरी टोचलं हे कळून हात मागे घ्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतो. तेवढ्यात ४५ काप होऊन गेलेले असतात.

आणि हे मशीन बोट कापत नाही, ढलप्या काढावं तसं खरवडत नेतं. करवतीने तुटलेलं बोट कधीकधी जोडता येतं. इथे बऱ्याचदा जोडायला काही उरतच नाही. म्हणून "मी लक्ष देऊन काम करतो" हा उपाय या मशीनला पुरत नाही.

अपघात होतो कसा, तेही बघा. आपण फळी खाली दाबत पुढे ढकलत असतो, अंगाचा भार पुढे असतो. बाभळीची किंवा कडुनिंबाची फळी असेल, मध्ये गाठ आली, पातं अडकलं की फळी झटक्यात मागे उडते. खालचा आधार गेला की हात सरळ फटीत. दुसरी धोक्याची वेळ म्हणजे फळीचं शेवटचं टोक ब्लॉकवरून जाताना, कारण ढकलणारा हात तेव्हा बरोबर पात्यांच्या वर असतो.

प्रकार पहिला: झुलतं गार्ड

अमेरिकन मशीनवर हे जास्त दिसतं. पुढच्या टेबलाच्या कडेला एका खुंटीवर बसवलेला पंख्यासारखा तुकडा. फळी आली की तो बाजूला सरकतो, फळी गेली की स्प्रिंगने परत उभ्या पट्टीला, म्हणजे फेन्सला येऊन टेकतो.

याची मोठी जमेची बाजू म्हणजे कोणी काही सेट करायचं नाही, विसरलात तरी ते आपोआप बंद होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, डिफॉल्ट सुरक्षित आहे.

अडचण अशी की रुंद फळी सपाट रंधताना ते पूर्ण बाहेर फेकलं जातं. पात्यांवर झाकण उरतं फक्त त्या फळीचं. फळी मागे उडाली तर गार्ड परत येईपर्यंत फट उघडी. शिवाय खुंटीत भुसा बसला, स्प्रिंग ढिली झाली, तर ते अर्ध्यातच थांबतं आणि आपण मात्र ते बंद झालंय असं धरून चालतो.

प्रकार दुसरा: पुलाचं गार्ड

युरोपात हे चालतं. ब्लॉकच्या पूर्ण लांबीवर आडवी पट्टी, पुलासारखी. वर-खाली होते, आत-बाहेरही सरकते.

सपाट रंधताना फळी पुलाखालून जाते आणि हात पुलावरून जातो. डावा हात उचलून पुलापलीकडे फळीवर ठेवायचा, मग उजवा. फळी उडाली तरी हाताखाली पूल असतोच. कड रंधायची असेल, तर पूल टेबलापर्यंत खाली घ्यायचा आणि उभ्या फळीच्या जवळ सरकवायचा. दोन्ही कामांत फळी आणि पूल यांच्यात साधारण १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवायची नाही.

याची कमजोरी म्हणजे सेटिंग माणसाने करायचं. एक फळी दीड इंची, पुढची अडीच इंची. दहा वेळा नॉब फिरवायचा कंटाळा येतो, मग पूल एकदाच वर करून तसाच ठेवला जातो. तो असून नसल्यासारखा.

मग निवड कशावर करायची?

माझ्या मते प्रश्न एकच विचारा: आपल्या शेडमध्ये रोज जी कामं होतात, ती सगळी गार्ड न काढता होतात का? एखाद्या कामासाठी जे काढावं लागतं, ते आज ना उद्या कोपऱ्यात पडतं. आपल्या मित्राच्या मशीनचं गार्ड आधीच्या मालकाकडे असंच हरवलं असणार.

मशीन ६ इंची आहे आणि मुख्यतः कडाच सरळ करायच्या आहेत? चांगल्या स्प्रिंगचं झुलतं गार्ड चालेल. रोज सकाळी मशीन बंद असताना ते हाताने ओढून सोडा. ठक करून फेन्सला टेकलं पाहिजे.

मशीन १२ इंची आहे, चौकटींची रुंद लाकडं सपाट करायची आहेत, हाताखाली शिकाऊ पोरं आहेत? मग पूल. कंटाळ्यावर उपाय सोपा आहे: रंधायला बसण्याआधी फळ्या जाडीप्रमाणे वेगळ्या करा. एका थप्पीला एकच सेटिंग.

पूल घेताना किंवा करून घेताना चार गोष्टी तपासा:

१. ब्लॉकची पूर्ण लांबी आणि रुंदी झाकली जाते का.

२. पाना न शोधता, एका हाताने सेट होतो का.

३. मधोमध तळव्याने जोरात दाबल्यावर वाकतो का. वाकून पात्यांकडे जात असेल तर नको.

४. कशाचा आहे. ॲल्युमिनियम किंवा चांगलं लाकूड. फॅब्रिकेशनवाला लोखंडी पट्टी लावून देईल, पण ती कधी पात्याला टेकली तर पात्याचा तुकडा उडेल.

आणि फेन्सच्या मागचा भाग विसरू नका. फेन्स पुढे आणली की मागे ब्लॉक उघडा पडतो. दोन्ही प्रकारची गार्ड पुढच्याच बाजूला असतात. मागे फेन्सबरोबर सरकणारं वेगळं झाकण हवं.

जुन्या मशीनमध्ये गार्डच्या आधी बघायचं

ब्लॉक गोल आहे की चौकोनी? फार जुन्या मशीनला चौकोनी ब्लॉक असायचा. त्याच्या कोपऱ्यांमधल्या मोठ्या पोकळीत हात खोलवर ओढला जातो. ब्रिटनमध्ये १९२२ च्या नियमांनीच हाताने लाकूड सारायच्या रंधा मशीनवर असा ब्लॉक बंद केला. चौकोनी निघाला तर गार्डवर पैसे घालू नका, आधी ब्लॉक बदला.

दुसरं, स्विच. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. साधा स्विच चालू राहिला आणि लाईट परत आली की मशीन आपोआप सुरू होतं. तेव्हा कोणी पात्यांवरचा भुसा झटकत असेल तर? म्हणून हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर लावा, नो-व्होल्ट कॉइलवाला. लाईट गेली की तो सुटतो, हिरवं बटण दाबल्याशिवाय परत लागत नाही. उसाच्या मोटरला आपण ऑटो स्विच लावतो, रात्री लाईट आली की पंप आपोआप चालू व्हावा म्हणून. तीच आयडिया रंधा मशीनला चुकूनही वापरू नका.

कायदा काय म्हणतो?

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ ने धोकादायक फिरत्या भागांना भक्कम आडोसा सक्तीचा केला. पण विजेवर चालणारी जागा "कारखाना" ठरायला मूळ निकष किमान १० कामगारांचा होता. तीन माणसांची शेड त्यात बसत नाही. म्हणजे तपासायला कोणी साहेब येणार नाही. गार्ड बसवायचं की नाही हे घरातल्यांनीच ठरवायचं.

गार्ड असलं तरी

फुटापेक्षा आखूड तुकडा या मशीनवर हाताने रंधू नका. पातळ फळीला हँडलचा पुश ब्लॉक वापरा. हातमोजे नकोत, गळ्यात उपरणं नको, मनगटात कडं नको. हे सगळं ओढलं जातं. पाती बदलताना प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. बटण बंद केल्यावरही ब्लॉक बराच वेळ फिरत राहतो आणि आवाज कमी झाला की थांबल्यासारखा वाटतो. आणि मशीन थिकनेसला लावून परत रंध्यावर आणलं, की पहिलं काम गार्ड जागेवर आणायचं, मग हिरवं बटण.

वडिलांना कसं सांगायचं, असं मित्राने शेवटी विचारलंय. वाद घालू नकोस. मशीन बंद असताना त्यांनाच पुलावरून हात नेऊन दोन-चार फळ्या सरकवायला सांग. हाताची सवय बदलायला त्यांना आठवडाभर लागेल, तोवर कामाचा वेग कमी होईल, हे आधीच मान्य करून टाक. ती ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली तरी चालेल.

तुमच्या शेडमधल्या गार्डचा फोटो पाठवा, मशीन बंद करून काढलेला. पुढच्या भागात गोल करवतीबद्दल बोलू. भेटू!